तिकडची बाजू

नोव्हेंबरात जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला सकाळ होते म्हणजे नुसता अंधार पातळ होतो. शमिका उठायची तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागलेला असायचा आणि आई खिडकीशी उभी राहून खालच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत असायची. प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी कधी बाहेर ठेवायची आणि कागद कधी, हे मनोरमाबाईंना काही आठवड्यांतच लेकीपेक्षा नीट पाठ झालं होतं, आणि त्या तसं तिला ऐकवतही. घरात दोघीच. फेब्रुवारीत पुण्यात बाबा वारले. पावसाळाभर आई एकटी राहिली, आणि मग शमिकाने व्हिसाची खटपट करून तिला थोड्या दिवसांसाठी इकडे आणलं.

सामानात लोणची होती, मेतकूट होतं आणि साडीच्या घडीत गुंडाळलेला एक फोटो होता. तो आता टीव्हीच्या बाजूला उभा केलेला असे.

फोटो तुरिनचा. शमिकाचे बाबा, जयंत, पिंपरीच्या एका फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न करायचे. हात सफाईदार म्हणून कुणाच्या तरी ओळखीने त्यांना इटलीतून बोलावणं आलं, आणि शमिका तिसरीत असताना ते मोरास्को नावाच्या कारोत्झेरियात मॉडेलर म्हणून गेले. कारोत्झेरिया म्हणजे गाड्यांची अंगं घडवणारी पेढी. इंजिन दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं. जपानी यायचे, कोरियन यायचे, जर्मन यायचे. दहा वर्षांनंतरची आमची गाडी कशी दिसेल ते दाखवा म्हणायचे, आणि मोरास्कोची माणसं ती मातीतून काढून दाखवायची. अशी गाडी एकच होते. प्रदर्शनांतून फिरते, लोक तिच्यासोबत फोटो काढतात, आणि रस्त्यावर बहुधा ती कधीच येत नाही.

मातीतसुद्धा ती पुरती घडवत नसत. डावी अर्धी गाडी मातीची करायची, आणि बरोबर मधोमध, नाकापासून शेपटीपर्यंत, एक उंच आरसा उभा करायचा. बघणाऱ्याला सबंध गाडी दिसते. अर्धं काम माणसाचं, अर्धं आरशाचं, असं बाबा म्हणायचे.

फोटोत म्हणूनच एक लांब, बुटकी, तपकिरी गाडी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन बाबा वाकलेले होते. दोघांचीही मान एका बाजूला कललेली. उजेडाची रेघ मातीवरून कशी वाहते हे बघायला बाबा मान अशी वाकडी करायचे, आणि त्यापायी आयुष्यभर त्यांची मान दुखत राहिली. ते डावखुरे. इकडच्या बाबांच्या डाव्या हातात माती तासायचा स्क्रेपर होता, तिकडच्यांच्या उजव्या.

लहानपणी शमिका विचारायची, यातले माझे बाबा कोणते?

“सुट्टी घेऊन घरी आला तो मी,” बाबा म्हणायचे. “तो तिकडचा आहे ना, तो कामावर राहिलाय.”

कारखाना ऑगस्टात बंद असायचा, तेव्हाच ते घरी येत. त्यामुळे शमिकाला हे उत्तर अगदी पटायचं. कुणीतरी तिकडे राहिलं म्हणून तर यांना येता आलं.

मोरास्कोत एक रीतही होती. मॉडेल पुरं झालं की आरसा काढण्याआधी, ज्याने ते केलं त्याने डोळे मिटून काचेवर तळहात टेकवायचा आणि झालं म्हणून सांगायचं. आल्दो नावाचा म्हातारा फोरमन सांगायचा, तिकडच्यालाही घरी जायचं असतं; त्याला कुणी कळवलं नाही तर तो बिचारा करतच बसेल. सगळे हसायचे, आणि सगळे हात टेकवायचे.

फोटोतल्या गाडीला मात्र तो हात लागला नाही. ती एका जर्मन कंपनीसाठी होती. मागचं मडगार्ड तेवढं व्हायचं राहिलं होतं. एके दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना कंपनीचा फॅक्स आला, काम थांबवा. परत आले तेव्हा हॉलला कुलूप होतं. त्या हिवाळ्यात मोरास्कोने निम्मी माणसं कमी केली आणि बाबा कायमचे पुण्याला आले. पुढे तुरिनचा विषय निघाला की ते इटालियन जेवणाच्या, थंडीच्या, आल्दोच्या गमती सांगायचे आणि शेवटी कधीतरी म्हणायचे, “त्याला सांगायचं राहिलंच.”

ती गाडी शमिकासमोर आली ते ऑक्टोबरच्या शेवटी, अगदी साध्या कामातून.

ती ज्या छोट्या फर्ममध्ये इंजिनिअर होती, ती फर्म गाड्यांचे पृष्ठभाग लेझरने स्कॅन करून कंपन्यांना त्यांचा डेटा करून द्यायची. मोरास्को काही वर्षांपूर्वी बुडाली होती आणि तिच्या तळघरातली जुनी मॉडेलं लिलावात निघाली होती. कधीच न झालेल्या गाड्यांचं एक प्रदर्शन स्टुटगार्टजवळ भरणार होतं. त्यासाठी एका संग्राहकाने यातली काही घेतली होती. मातीची अर्धी गाडी स्कॅन करायची, दुसरी बाजू कॉम्प्युटरवर उलटवून जोडायची, आणि त्या डेटावरून पूर्ण आकाराची गाडी फोममधून कापून घ्यायची, असं काम होतं. डेटा झाला की माती फोडून टाकायची. हॉल नोव्हेंबरअखेर रिकामा करायचा होता.

हॉल शेजारच्या ब्यॉब्लिंगेन गावाच्या बाहेर, टायरच्या गोदामाला लागून होता. शमिकाने दार उघडलं आणि आधी वास आला. मेण आणि गंधक. मॉडेलिंगच्या मातीत त्या काळी गंधक असायचं. ती भट्टीत तापवली की लोण्यासारखी होते आणि गार झाली की साबणाच्या वडीसारखी टणक. बाबांचे स्वेटर कितीही धुतले तरी तो वास जायचा नाही. तुरिनहून आलेली बॅग उघडली की पुण्याच्या घरात दोन दिवस तोच वास.

आच्छादन काढलं तेव्हा तिला फोटो आठवावा लागला नाही. पुढच्या चाकावरून निघून दारावरून मागे जाणारी ती रेघ तिला पाठ होती. मागच्या चाकापाशी ती रेघ एका ओबडधोबड गोळ्यात शिरून संपत होती. तिथे मडगार्ड व्हायचं होतं. गोळ्यावर स्क्रेपरचे ओरखडे तसेच होते, डावीकडून उजवीकडे ओढलेले. आरसासुद्धा आला होता. पोलादी चौकटीसकट तो मॉडेलच्या पायाला बोल्टने आवळलेला होता. काढायला वेगळी माणसं येणार होती.

तिने त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग तिने ट्रायपॉड लावला आणि कामाला लागली.

त्या कामातला पहिला धडा शिकाऊ माणसालाही ठाऊक असतो. खोलीत आरसा असेल तर तो झाकायचा. लेझरला आरसा कळत नाही. किरण काचेवर आपटून परत वळतो, आणि यंत्राला वाटतं की काचेपलीकडे, भिंतीच्या आत, आणखी एक वस्तू आहे. ते तिचेही बिंदू मोजून टाकतं. आरशावर घालायचं राखाडी कापड शमिकाने स्वतः गाडीत ठेवलं होतं. ते घालायला ती विसरली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उत्कर्षने तिला हाक मारली. तो चिंचवडचा, शेजारच्या टेबलावर बसायचा आणि सगळ्यांच्या स्कॅनमधली घाण साफ करायचा.

“अगं, तुझ्या गाडीला जुळं झालंय.”

पडद्यावर काळ्या पोकळीत बिंदूंची तयार झालेली सबंध गाडी तरंगत होती. डावी बाजू खरी, उजवी भिंतीतली.

“आरसा झाकला नाहीस?”

“विसरले.”

“तू? मग आज पेढे द्यायला पाहिजेत.” तो खोटी बाजू पुसायला लागला.

शमिकाने त्याला थांबवलं. तिने ती फाइल आपल्याकडे घेतली, खोटी बाजू उलटवून खऱ्या बाजूवर ठेवली आणि दोन्हींतला फरक रंगांत काढायला सांगितला. जिथे दोन्ही सारखे तिथे हिरवं, जिथे वेगळे तिथे लाल. सगळी गाडी हिरवी आली. मागच्या चाकापाशी लाल.

तिने जवळ जाऊन पाहिलं. खऱ्या बाजूला गोळा होता. आरशातल्या बाजूला गोळ्याचा वरचा भाग उतरवलेला होता, आणि दारावरची रेघ तिथून थोडी पुढे सरकली होती.

उत्कर्षचं म्हणणं रास्त होतं. जुनी काच, मागचा पारा उडालेला, कडेला वाकडीतिकडी झालेली. तिथे मोजमाप चुकणारच. शमिकाने मान डोलावली. तिनेही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

त्या आठवड्यात ती पुन्हा हॉलवर गेली. या वेळी कापड गाडीतच ठेवलं, आठवणीने. हॉलमध्ये हीटर नव्हता, तोंडातून वाफ निघत होती. स्कॅनर फिरत असताना ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली. गंधकाचा वास मागच्यापेक्षा जास्त होता, नुकती भट्टी उघडल्यासारखा. तिने मातीला हात लावून पाहिला. माती थंडगार आणि कडक होती. वास आरशाकडून येत होता.

आरशात नुसत्या डोळ्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. गाडी, ट्रायपॉड, टोपी घातलेली ती.

संध्याकाळी तिने फाइल उघडली. रेघ अजून पुढे गेली होती. मडगार्डचा फुगवटा आता ओळखू येत होता. आणि त्याच्याशेजारी बिंदूंचा एक विरळ पुंजका होता, जो गाडीचा नव्हता.

उत्कर्ष तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. “मध्ये कोण आलं होतं?”

“कुणी नाही. मी स्कॅनरच्या मागे होते.”

“मग हा हाउसमाइस्टर असेल, हॉलची देखभाल करणारा. बघ, गुडघ्यावर बसलाय.” त्याने माउसने तो पुंजका थोडा फिरवला. “डोकं असं काय धरलंय याने? मान धरलेली दिसते बिचाऱ्याची.”

शमिका पडद्याशी वाकली. एक गुडघा जमिनीला टेकलेला, पाठ वाकलेली, मान कललेली. एक हात पुढे, मडगार्डवर. ती त्या हाताकडे बघत राहिली. आरशातला माणूस उलटा असतो. फोटोतला तिकडचा बाबा उजव्या हाताने काम करत होता, कारण इकडचे डाव्याने करत होते. इथे पुढे आलेला हात डावा होता.

हे प्रतिबिंब नव्हतं. कुणीतरी पलीकडे जाऊन बसलं होतं.

“डिलीट करू?” उत्कर्षने विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “मी करते.”

ती रोज जाऊ लागली. कधी कॅलिब्रेशन बिघडलंय म्हणून, कधी उजेड नीट नव्हता म्हणून. हॉलवर पोचली की ती स्कॅनर लावायची, आणि तो फिरत असताना मागच्या चाकाजवळ, मातीच्या बाजूला, एका उलट्या क्रेटवर बसून डबा खायची. आईने दिलेली पोळी, मेथीची भाजी. कधी ती मोठ्याने काहीबाही सांगायची: आईचा गुडघा बरा आहे, पुण्याचा फ्लॅट सध्या बंदच ठेवलाय, नागेशमामाने मुलीचं लग्न ठरवलंय. बोलताना आरशाकडे बघायची नाही. आरशाकडे बघितलं की तिथे नुसती एक बाई क्रेटवर बसून पोळी खाताना दिसायची. न बघितलं की बरं वाटायचं.

संध्याकाळी फाइल उघडली की मडगार्ड थोडं पुढे गेलेलं असायचं. किती सावकाश करतात, तिला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, अजून सावकाश करा.

तिच्या विभागाच्या प्रमुख फ्राऊ ब्रेंडले यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं आणि दार लावलं. त्या रागावल्या नाहीत. पहिल्याच दिवशीचा डेटा उत्तम होता, हे त्यांनी तपासलं होतं. मडगार्ड अपुरं आहे ते अपुरंच दाखवायचंय, प्रदर्शनाला तसंच हवंय, त्या म्हणाल्या. आरसा काढायला माणसं गुरुवारी दुपारी येतील, शुक्रवारी माती फोडतील. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, वडील गेले तेव्हा तू फक्त आठवडाभर रजा घेतली होतीस ना? आता घेणार का थोडी? शमिका म्हणाली, गुरुवारनंतर बघते.

त्या रात्री जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. कचऱ्याच्या वेळापत्रकाबद्दल सांगावं तसं, एकेक करून, आवाज न चढवता. मनोरमाबाई ताटात बोटाने रेघा ओढत ऐकत राहिल्या. त्यांनी भूत हा शब्द उच्चारला नाही. खरं का खोटं तेही विचारलं नाही.

“किती राहिलंय काम?” त्यांनी विचारलं.

“आज बघितलं तेव्हा झाल्यातच जमा होतं. गेले दोन दिवस नुसतं गुळगुळीत करताहेत.”

“यांचं असंच. झालं तरी हात फिरवत बसायचं.” त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, “दवाखान्यात शेवटी शेवटी चादरीवरून सारखा डावा हात फिरवायचे. मी म्हटलं, काय करताय? तर म्हणे, मागचं मडगार्ड राहिलंय. मला वाटलं, तापात बरळताहेत.”

शमिकाला हे माहीत नव्हतं. ती पोचली तेव्हा बाबा बोलत नव्हते.

“मनगटाला तो प्लास्टिकचा पट्टा बांधतात ना, नावाचा. हाताला सूज आली होती, तो रुतायचा. मला म्हणायचे, एवढं सैल कर गं. मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांचा राउंड झाला की करते.” मनोरमाबाई उठल्या आणि ताटं गोळा करू लागल्या. “राउंड झाला, पण मग नको ते झालं. पट्टा तसाच राहिला. बाकी सगळं मी विसरीन एखादवेळेस.”

नळ सुरू झाला. शमिका टेबलापाशीच बसून होती. आईने पाठ न वळवता विचारलं, “त्यांना तिथे कुणी सांगितलं का, झालं म्हणून?”

“नाही.”

“मग तू सांग ना.”

“सांगितलं की जातील, आई.”

नळ बंद झाला. “आणि नाही सांगितलं तर? त्या थंडीत, गुडघ्यावर?” आईचा आवाज नेहमीचाच होता, पिवळ्या पिशवीबद्दल बोलायचा तसा. “तुला ते हवेत म्हणून त्यांना कामावर ठेवणार आहेस?”

गुरुवारी दोघी बसने गेल्या. धुकं इतकं होतं की टायरचं गोदाम दिसतच नव्हतं. मनोरमाबाईंनी स्वेटरवर शमिकाचा जुना कोट चढवला होता, आणि पर्समध्ये फोटो होता. हॉलच्या दारात त्या थबकल्या. त्यांनी एकदा खोल श्वास घेतला.

“तुरिनची बॅग,” त्या म्हणाल्या.

शमिकाने आच्छादन काढलं. आईने गाडीला एक फेरी घातली, जेवढी घालता येते तेवढी, नाकापासून शेपटीपर्यंत आणि परत. मडगार्डच्या गोळ्यावर बोटं ठेवली. मग ती आरशासमोर उभी राहिली आणि गाडीवरून पलीकडे बघू लागली. शमिका तिच्याकडे बघत होती, आरशाकडे नाही. आईची नजर हळूहळू खाली गेली. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिथे थांबली.

“अहो,” मनोरमाबाई म्हणाल्या, “मान किती वाकडी धरताय. दुखेल नंतर.”



शमिका गाडीच्या नाकापाशी गेली. बॉनेटची माती जिथे आरशाला चिकटली होती, त्याच्या जरा वर काच मोकळी होती. तिने हातमोजा काढला. डोळे मिटले. तळहात काचेला टेकवला.

काच बर्फासारखी होती.

“बाबा,” ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने बसमध्ये जुळवलं होतं, ते आता आठवेना. “मडगार्ड छान झालंय. मी रोज बघत होते.”

तिने तळहात तसाच दाबून धरला.

“झालं, बाबा. कुलूप लावणार आहेत आता. घरी चला.”

काचेचा गारठा तळहाताखालून हळूहळू ओसरला. तेवढाच भाग. बोटांच्या टोकांपर्यंत ऊब आली, होती तशी राहिली, आणि मग गेली.

तिने डोळे उघडले. काचेवर तिच्या हाताची वाफ धरली होती. आई तिच्या शेजारी येऊन उभी होती आणि तिने शमिकाच्या अंगावरचा कोट पाठीवर नीट केला.

मग आरशावर ते राखाडी कापड शमिकाने स्वतः घातलं.

माणसं आली ती दुपारी, दोघं, बोलत-हसत. त्यांनी बोल्ट सोडवले, चौकटीला पट्टे लावले आणि आरसा सरळ मागे ओढला. मातीपासून तो सुटताना चिकटपट्टी उचकटल्यासारखा आवाज झाला. त्यांनी तो भिंतीला टेकवला आणि सिगारेट ओढायला ते बाहेर गेले.

पलीकडे काहीच नव्हतं. प्लायवूडची भिंत, एक जुना झाडू.

आणि गाडीची कापलेली बाजू. नाकापासून शेपटीपर्यंत मातीची एक सपाट, गुळगुळीत भिंत, जी इतकी वर्षं काचेला चिकटून होती. तिला कुणाचा हात लागणं शक्य नव्हतं.

“शमू,” आई म्हणाली.

बॉनेटपाशी, शमिकाने हात टेकवला होता त्याच्या जरा खाली, मातीत एका तळहाताचा ठसा होता. खोल, स्वच्छ, पलीकडून दाबलेला. डावा हात. करंगळी बाबांची होती तशी बाहेर वळलेली. त्वचेच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या.

मनोरमाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग त्यांनी आपलं बोट ठशावरून फिरवलं. अंगठा, तळवा, खाली मनगट. मनगटापाशी त्यांचं बोट थांबलं.

तिथे आडवी एक चपटी पट्टी उमटली होती, बोटभर रुंद. कडेला तिच्या बटणाची गोल खूण.

शमिका वाकली. पट्टी मनगटाला घट्ट बसलेली नव्हती. ती घसरून तळव्यावर आली होती, एका बाजूला लोंबत.

“पट्टा सैल झालाय बघ,” आई म्हणाली.

तिने बोट उचललं. बोटाच्या टोकाला तपकिरी माती लागली होती, लोण्यासारखी मऊ, आणि त्या थंडीत तिच्यातून बारीकशी वाफ निघत होती.